सॅकव्हिलचा ताळेबंद: एक लघुलहरी केंद्र बंद होण्यामागची कारणे

24 जून 2012 रोजी कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील सॅकव्हिल या गावाजवळच्या प्रक्षेपण केंद्रावरून ‘रेडिओ कॅनडा इंटरनॅशनल’ या कॅनडाच्या परदेशी श्रोत्यांसाठीच्या सेवेचा आवाज लघुलहरींवरून (शॉर्टवेव्हवरून) कायमचा बंद झाला. बातमी एप्रिलमध्येच आली होती. तरीही त्या आठवड्यात राजारामपुरीतल्या माझ्या घरी रात्रीच्या जेवणानंतर मी रेडिओचा काटा नेहमीच्या जागी नेऊन ठेवत होतो. कोल्हापुरात आर्द्रा नक्षत्राचा पाऊस लागलेला होता, शॉर्टवेव्हच्या साऱ्या पट्ट्यावर विजांची कडकड येत होती, आणि तिच्यामागे कॅनडाचा आवाज ऐकू येत नव्हता. पाऊस उघडल्यावर पट्टा स्वच्छ झाला, शेजारची केंद्रे नीट लागली, पण ती जागा रिकामीच राहिली.

यात मला एक गोष्ट उलगडत नव्हती. आमच्या भागासाठीचा त्यांचा कार्यक्रम सॅकव्हिलच्या मनोऱ्यांवरून निघतच नव्हता. तो आशियातील दुसऱ्या देशांच्या प्रक्षेपकांवरून निघत असे, आणि त्या प्रक्षेपकांना कोणी हात लावलेला नव्हता. मग न्यू ब्रन्सविकमधले केंद्र बंद झाल्यावर कोल्हापुरातला आवाज का जावा? सहकारी संस्थांची दप्तरे तपासण्यात माझी सारी नोकरी झाली, आणि लघुलहरी ऐकण्याचा नाद त्याहूनही जुना आहे. या प्रश्नाचे उत्तर मला अखेर रेडिओच्या तंत्रात मिळाले नाही, ते हिशेबात मिळाले. म्हणून हे प्रकरण एखाद्या संस्थेचा ताळेबंद वाचावा त्या पद्धतीने मांडत आहे.

रिले केंद्र म्हणजे काय आणि सॅकव्हिल काय होते

लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून पुन्हा जमिनीकडे परततात आणि अशा उड्या घेत हजारो किलोमीटर जातात. प्रत्येक उडीत त्यांचा जोर कमी होतो आणि आवाज हेलकावे घेऊ लागतो. यावरचा उपाय म्हणजे कार्यक्रम उपग्रहाने किंवा तारेने श्रोत्यापासून एक-दोन उड्यांच्या अंतरावर नेऊन तिथून प्रक्षेपित करणे. बीबीसीचे सिंगापूरमधले क्रांजी, डॉयचे वेलेची रवांडातले किगाली आणि श्रीलंकेतले त्रिंकोमाली, व्हॉइस ऑफ अमेरिकेचे श्रीलंकेतलेच इरणाविला, रेडिओ नेदरलँड्सचे बोनेर बेटावरचे केंद्र ही सगळी या प्रकारची रिले केंद्रे होती. त्रिंकोमाली कोल्हापूरपासून साधारण बाराशे किलोमीटरवर आहे. तिथून जर्मनीचा आवाज आमच्याकडे इतका स्पष्ट यायचा की घरच्यांना तो आकाशवाणीचा एखादा वेगळा कार्यक्रम वाटे.

सॅकव्हिलचे स्थान दुहेरी होते. ते कॅनडाचे स्वतःचे मूळ केंद्र होते आणि इतर देशांसाठी उत्तर अमेरिकेतले रिले केंद्रही होते. फंडीच्या उपसागराच्या टोकाला टँट्रामार नावाची खाऱ्या दलदलीची सपाट जमीन आहे. ओली, क्षारयुक्त जमीन रेडिओलहरींना चांगली साथ देते, आणि कॅनडाच्या पूर्व टोकावरून युरोपकडे जाणारा मार्ग ध्रुवीय प्रकाशाच्या त्रासदायक पट्ट्याला बराचसा टाळून जातो, या कारणांनी ही जागा निवडली गेली. 25 फेब्रुवारी 1945 रोजी, दुसरे महायुद्ध संपायच्या आधी, प्रत्येकी 50 किलोवॅटच्या दोन प्रक्षेपकांवरून सेवा रीतसर सुरू झाली. युरोपात लढणाऱ्या कॅनेडियन सैनिकांना घरचा आवाज ऐकवणे हा तिचा पहिला हेतू होता. पुढे तिथे 100 आणि 250 किलोवॅटचे प्रक्षेपक आले आणि मनोऱ्यांमध्ये पडद्यासारखे ताणलेले तारांचे अँटेना उभे राहिले. आसपासच्या घरांत रेडिओ लावलेला नसतानाही स्वयंपाकघराच्या मोरीतून, नळातून, क्वचित एखाद्या उपकरणातून बोलणे ऐकू आल्याचे तिथले रहिवासी सांगत. इतक्या जवळून इतकी शक्ती बाहेर पडत असेल तर धातूचा एखादा गंजलेला सांधाही रेडिओचे काम करू शकतो, त्यामुळे त्यांच्या सांगण्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण नाही.

तासांच्या बदल्यात तास

आता त्या न उलगडणाऱ्या गोष्टीकडे वळतो. जपानच्या एनएचकेला आणि कोरियाच्या केबीएसला आपला कार्यक्रम अमेरिका-कॅनडात स्पष्ट ऐकू जायला हवा होता. कॅनडाला आपला कार्यक्रम आशियात तितकाच स्पष्ट हवा होता. दोघांनाही परक्या खंडात केंद्र बांधणे परवडणारे नव्हते. तेव्हा सरळ अदलाबदल ठरली. सॅकव्हिलने जपानचा कार्यक्रम उत्तर अमेरिकेकडे सोडायचा आणि जपानने आपल्या यामाता केंद्रावरून कॅनडाचा कार्यक्रम आशियाकडे सोडायचा. कोरियाच्या किमजे केंद्राशी आणि चीनच्या प्रसारण यंत्रणेशीही असेच व्यवहार होते. पैशाची देवघेव कमी आणि तासांची जास्त.

गावाकडे पेरणीच्या दिवसांत दोन शेतकरी एकमेकांच्या बैलजोड्या वापरतात त्याला आपण वारंगुळा म्हणतो. हा लघुलहरींचा वारंगुळा होता. वारंगुळ्यात आपली जोडी विकली की शेजाऱ्याची जोडीही आपल्या रानात येईनाशी होते, आणि शेजाऱ्याने त्यात काही वाईट केलेले नसते. सॅकव्हिल बंद करायचे ठरल्यावर कॅनडाजवळ बदल्यात द्यायला तासच उरले नाहीत. यामाता, किमजे आणि चीनमधले प्रक्षेपक जागच्या जागी चालू राहिले, फक्त त्यांच्यावर कॅनडाला जागा राहिली नाही. कोल्हापुरातली शांतता इथून आली.

एखाद्या केंद्राच्या नफा-तोट्याचा हिशेब मांडताना हा व्यवहार कागदावर दिसतच नाही, कारण ज्या मिळकतीत रोख रक्कम नाही ती जमेच्या बाजूला लिहायची कुठे, हे कोणी ठरवलेले नसते. खर्चाच्या बाजूला मात्र सॅकव्हिलचे वीजबिल, पगार आणि दुरुस्ती यांतला प्रत्येक डॉलर नोंदला जातो.

निम्मी मोटर फिरत नाही

वीजबिलाचा अंदाज आपल्याकडच्या मापाने करता येतो. 250 किलोवॅटचा एक प्रक्षेपक चालवायला, यंत्राची कार्यक्षमता साधारण 65 टक्के धरली, तर मुख्य वाहिनीतून सुमारे 385 किलोवॅट घ्यावे लागतात. शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्रीत अर्ध्या टनाची इंडक्शन भट्टी पूर्ण जोरावर असते तेव्हा तिचा भार साधारण याच घरात जातो. दिवसाला दहा तास एकच प्रक्षेपक चालवला तरी पावणेचार हजारांवर युनिट पडतात. युनिटला आठ रुपये धरले तर रोजचे तीस हजार रुपये होतात, आणि अशा केंद्रात एका वेळी अनेक प्रक्षेपक चालू असतात. फौंड्रीवाल्याला प्रत्येक हीटमागे (एका वेळच्या वितळणीमागे) किती किलो ओतकाम निघाले ते मोजता येते. प्रक्षेपकातून किती माणसांपर्यंत बोलणे पोहोचले ते मोजायला वजनकाटा नाही.

तरीही माझ्या मते विजेपेक्षा स्थिर खर्च अधिक घातक ठरतो. अँटेनाच्या तारांवर बर्फ साचते आणि त्या तुटतात, मनोरे रंगवावे लागतात, विमानांसाठी त्यांच्यावर दिवे जळते ठेवावे लागतात, मोठ्या व्हॉल्व्हचे आयुष्य संपते, आणि मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जगभरची वेळापत्रके बदलतात तेव्हा सगळी मांडणी नव्याने बसवावी लागते. दिवसाला वीस तास प्रसारण असो की चार तास, या खर्चात फारसा फरक पडत नाही.

इथे मला करवीर तालुक्यातली एक सहकारी पाणीपुरवठा संस्था आठवते. तिचे दप्तर मी सलग काही वर्षे तपासले. नदीकाठी जॅकवेल, तिथून वर नेलेली मोठी पाइपलाइन आणि तिच्यावर शे-दीडशे सभासदांचा ऊस. पुढे ज्यांना जमले त्यांनी विहिरी पाडल्या, स्वतःच्या मोटरी बसवल्या आणि पाणी घेणे बंद केले. पाणीपट्टी एकरी ठरलेली असल्याने उरलेल्यांच्या वाट्याला बिलाचा मोठा हिस्सा येऊ लागला. तो वाढला तसे आणखी काही जण बाहेर पडले. मी अध्यक्षांना विचारले की सभासद निम्मे झाले तर खर्च निम्मा का होत नाही. ते जॅकवेलकडे बोट दाखवून म्हणाले, “सायेब, निम्म्या मानसांसाठी निम्मी मोटर फिरत न्हाई.” चार वर्षांत ती संस्था अवसायनात गेली. त्या वर्षी नदीला पाणी भरपूर होते आणि रानात ऊसही उभा होता.

सॅकव्हिलचे भागीदार असेच एकेक करून गेले. बीबीसी जागतिक सेवेने 1 जुलै 2001 पासून उत्तर अमेरिकेसाठीचे लघुलहरी प्रसारण बंद केले. तिथले श्रोते आता स्थानिक केंद्रांवरून आणि इंटरनेटवरून ऐकतात, असे कारण तिने दिले. 2003 मध्ये डॉयचे वेलेने त्या भागासाठीचे इंग्रजी प्रसारण थांबवले. 2010 च्या ऑक्टोबरअखेर रेडिओ स्वीडनने लघुलहरी सोडल्या. या सर्वांनी सॅकव्हिलचे तास वापरले होते. प्रत्येकाचा निर्णय आपापल्या घरात रास्त होता आणि सॅकव्हिलचे नुकसान करण्याचा कोणाचाच हेतू नव्हता, पण प्रत्येक जाण्याने उरलेल्या तासांचा दर चढला आणि तो कॅनडाच्या वाट्याला आला.

तीन वेळा कात्री

केंद्र एका दिवसात बंद होत नाही. 1991 मध्ये खर्चकपातीत रेडिओ कॅनडा इंटरनॅशनलच्या जर्मन, जपानी, पोलिश, हंगेरियन यांसह सहा भाषांच्या सेवा बंद करण्यात आल्या. भाषा गेल्या तसे तासही गेले आणि प्रक्षेपक अधिक वेळ रिकामे राहू लागले. डिसेंबर 1995 मध्ये मूळ संस्था असलेल्या सीबीसीने (कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने) ही सेवा 31 मार्च 1996 रोजी पूर्ण बंद करण्याचे जाहीर केले. श्रोत्यांनी पत्रांचा ओघ सुरू केला, संसदेत विषय निघाला आणि शेवटच्या घटकेला सरकारने वेगळा पैसा काढून सेवा वाचवली. त्या वेळी कोल्हापूरच्या मुख्य टपाल कार्यालयातून मीही एक एअरोग्राम पाठवला होता. त्याचा काही उपयोग झाला असे मी मानत नाही, पण तो पाठवला याचे समाधान आजही आहे.

तिसरी कात्री निभावली नाही. 29 मार्च 2012 च्या अर्थसंकल्पात सीबीसीच्या सरकारी अनुदानात तीन वर्षांत मिळून 11 कोटी 50 लाख डॉलरची कपात जाहीर झाली. साधारण आठवडाभरात सीबीसीने आपली योजना मांडली. आंतरराष्ट्रीय सेवेचे वार्षिक अंदाजपत्रक 1 कोटी 23 लाख डॉलरवरून 23 लाखांवर आणायचे, लघुलहरी आणि उपग्रह दोन्ही थांबवायचे, रशियन आणि पोर्तुगीज विभाग बंद करायचे आणि उरलेल्या पाच भाषा केवळ संकेतस्थळावर ठेवायच्या.

या आकड्यांकडे नीट पाहिले पाहिजे. मूळ संस्थेवरची कपात साधारण दहा टक्के होती, परदेशी सेवेवरची ऐंशी टक्क्यांहून अधिक. कारण स्पष्ट आहे. देशातला एखादा कार्यक्रम बंद केला की दुसऱ्या दिवशी खासदाराच्या कार्यालयात दूरध्वनी वाजतो. परदेशी सेवेचा श्रोता त्या देशाचा मतदार नाही, करदाता नाही, आणि त्याची नाराजी मोजणारी कोणतीही खिडकी तिथे नाही. लघुलहरींच्या रिले व्यवहारात केंद्र एका देशात, पैसा दुसऱ्या देशाचा आणि श्रोता तिसऱ्याच देशात असतो. केंद्र टिकावे असे ज्याला सर्वांत जास्त वाटते त्याच्याच हाती काही नसते. मला तरी या सगळ्या प्रकरणाचे मूळ इथे दिसते, आणि ‘आता कोणी ऐकत नाही’ हे नेहमी दिले जाणारे कारण त्यामुळे अपुरे वाटते. श्रोते घटले होते हे खरे आहे. पण ते घटले नसते तरी कात्री याच कापडावर आधी चालली असती. रेडिओ कॅनडानंतर पाचच दिवसांनी, 29 जून 2012 रोजी, रेडिओ नेदरलँड्सचे इंग्रजी प्रसारण थांबले. तिथेही सरकारने त्या संस्थेचा सुमारे सत्तर टक्के निधी एका फटक्यात काढून घेतला होता.

एक अडचण कायद्याची होती. कॅनडाच्या प्रसारण कायद्यानुसार आंतरराष्ट्रीय सेवा चालवणे सीबीसीवर बंधनकारक आहे, आणि सरकारी आदेशात लघुलहरींचा उल्लेख होता. तो उल्लेख जून 2012 मध्ये वगळण्यात आला. सेवा कायद्याने शिल्लक राहिली आणि तिचे साधन गेले.

केंद्राचे घरचे श्रोते

या प्रकरणातला एक धागा फार थोड्यांच्या लक्षात आला. सॅकव्हिलवरून क्वेबेक प्रांताच्या अतिउत्तरेकडील इनुइट वस्त्यांसाठीही कार्यक्रम जात असे, त्यात त्यांच्या इनुक्टिटुट भाषेतला कार्यक्रम होता. तिथे एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत शेकडो किलोमीटरचे बर्फाळ रान आहे आणि गावांना जोडणारे रस्ते नाहीत. हे श्रोते कॅनडाचे नागरिक होते, त्यामुळे त्यांना वाऱ्यावर सोडणे शक्य नव्हते. सीबीसीने पाच गावांत कमी शक्तीचे एफएम प्रक्षेपक बसवले आणि मगच तिथले लघुलहरी प्रसारण थांबवले. म्हणजे जिथे श्रोत्याला दाद मागण्याचा हक्क होता तिथे पर्याय आधी उभा राहिला. पण छोट्या एफएम प्रक्षेपकाचा टप्पा गावाच्या आसपास संपतो. शिकारीला किंवा मासेमारीला दूर गेलेल्या माणसाच्या हातात पूर्वी जो आवाज होता तो त्याला त्या अंतरावर आता मिळत नाही.

पर्याय होता का

केंद्र चालू स्थितीत विकण्याचा प्रयत्न झाला, पण गिऱ्हाईक मिळाले नाही. भाड्याने तास घेणारे स्वतःच कमी होत असताना इतके मोठे यंत्र कोण घेणार, हे उघड आहे. सीबीसीचे म्हणणेही एका बाजूने पटण्यासारखे आहे. पैसा ठरावीक असेल तर तो प्रक्षेपकावर खर्च करायचा की बातमीदारांवर, हा प्रश्न कोणालाही टळत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर तासांची अदलाबदल आधी रुपया-डॉलरात मांडून घेतली असती, बाहेर पडणाऱ्या भागीदाराने किमान दोन वर्षे आधी सूचना द्यावी अशी अट करारात घातली असती, आणि सर्व प्रक्षेपक एकदम बंद करण्याऐवजी नव्या, कमी वीज खाणाऱ्या एक-दोन यंत्रांवर सेवा आणता येते का ते तपासले असते. एवढे करूनही केंद्र वाचलेच असते असा माझा दावा नाही. मात्र सगळे आकडे समोर ठेवून निर्णय झाला असता.

संकेतस्थळ हा लघुलहरींचा पूर्ण पर्याय आहे, हे गृहीतक मात्र मला मान्य नाही. संकेतस्थळ वाचणाऱ्याला जोडणी लागते, तिचे पैसे लागतात, आणि सरकारने मनात आणले तर देशाच्या वेशीवरच ते अडवता येते. लघुलहरी अडवायच्या तर त्यांच्यावर दुसरा आवाज लादण्यासाठी स्वतः प्रक्षेपक उभारावे लागतात आणि तरी त्या कुठून तरी निसटतात. मार्च 2022 मध्ये युक्रेनवर रशियाचे आक्रमण झाल्यानंतर बीबीसीने त्या भागासाठी रोज चार तास इंग्रजी बातम्या लघुलहरींवरून पुन्हा सुरू केल्या. हे शक्य झाले ते कुठेतरी प्रक्षेपक आणि ते चालवणारी माणसे अजून शिल्लक होती म्हणून.

कारणे सगळीकडे एकाच प्रमाणात नसतात, हेही नोंदवतो. श्रीलंकेत यजमान देशाचे आणि शेजाऱ्याचे राजकारण आड येई. 29 जुलै 1987 च्या भारत-श्रीलंका करारासोबतच्या पत्रव्यवहारात, श्रीलंकेतल्या परदेशी प्रसारण केंद्रांचा उपयोग लष्करी किंवा हेरगिरीच्या कामाला होऊ नये, असा स्वतंत्र मुद्दा आहे. इरणाविला 2016 मध्ये बंद झाले, आणि त्रिंकोमालीचे केंद्र डॉयचे वेलेने श्रीलंकेच्या प्रसारण महामंडळाच्या हवाली केले. किगालीचे केंद्र मार्च 2015 मध्ये थांबले. प्रत्येकाचा ताळेबंद वेगळा मांडावा लागेल, पण ‘दुसऱ्याच देशातला श्रोता’ हा रकाना मला प्रत्येकात रिकामा सापडतो.

सॅकव्हिलचे मनोरे 2014 मध्ये उतरवण्यात आले. 2017 मध्ये ती जमीन तिथल्या मूळ रहिवासी मिकमॉ समाजाच्या संस्थेने विकत घेतली. माझ्याकडे रेडिओ कॅनडाकडून आलेले पोचपावतीचे एक कार्ड आहे. कार्यक्रम ऐकल्याचा जो अहवाल मी पाठवला होता त्यातली तारीख, वेळ आणि कंप्रता त्यावर कोणीतरी निळ्या शाईने हाताने लिहिली आहे. गच्चीवरून शेवग्याच्या झाडापर्यंत बांधलेली तांब्याची तार मी अजून उतरवलेली नाही.